बसंतर टेबलावर खेळायची तर रूल्स कुठले? आधी हुकूम बघा, चिलखत नंतर

शिलेदार
आमच्या गटाला १९७१ च्या भारत-पाक युद्धातली बसंतर नदीवरची लढाई मिनिएचर, म्हणजे छोटे रणगाडे आणि सैनिक, टेबलावर मांडून फाशांनी खेळायची आहे. रूल्स कुठले घ्यायचे यावरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

रणगाडे आणि पायदळाच्या आधुनिक लढायांचे रूल्स निवडताना बहुतेक जण पुस्तक उघडून थेट एकाच तक्त्यावर जातात: कुठली तोफ कुठलं चिलखत फोडते. माझ्या मते हा दुसऱ्या नंबरचा निकष. पहिला निकष असा, की हे रूल्स मला कुणाच्या जागी बसवतात आणि माझा हुकूम खाली पोचला नाही तर काय होतं?

बसंतरच घ्या. १५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फंट्री ब्रिगेडच्या पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. इंजिनीअर सुरुंगांतून रस्ता मोकळा करत होते, पण काम पुरं व्हायचं होतं. पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याचे निरोप येत होते. पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटने सेंच्युरियन रणगाडे तसेच, अर्धवट साफ झालेल्या सुरुंगक्षेत्रातून पुढे घातले. माझ्या लेखी त्या लढाईतला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि चिलखताच्या तक्त्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुराच्या आडून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा प्रतिहल्ला आला. जरपाल गावाजवळच्या पूना हॉर्सच्या बी स्क्वाड्रनने (रणगाड्यांच्या तुकडीने) मदत मागितली आणि ए स्क्वाड्रनचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धावून गेले. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागला, बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे असं कळवून ते लढत राहिले. एक हुकूम धोका पत्करून दिलेला, दुसरा न पाळलेला. ज्या रूल्समध्ये या दोन्हींना जागा नाही, त्यात मी बसंतर खेळणार नाही.

म्हणून माझं मत 'कोल्ड वॉर कमांडर' या रूल्सना. त्यात प्रत्येक कमांडरला एक आकडा असतो. हुकूम द्यायचा तर दोन फासे टाकून बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी यावी लागते. त्याच तुकडीला लगेच दुसरा हुकूम द्यायचा तर आकडा एकाने घटतो, आणि फासे चुकले की त्या पाळीत त्या कमांडरचं काम संपलं. अजून एक हुकूम रेटावा की इथेच थांबावं, हा ताण खेळाडूला स्वतःला जाणवतो. 'मॉडर्न स्पिअरहेड'ही याच जातीचा: बटालियनची दिशा आधी नकाशावर बाणाने काढायची आणि मग ती सहजी बदलता येत नाही.

पंधरामिमी
शिलेदार, लढाईचा अभ्यास उत्तम, पण खेळायला माणसं कुठून आणणार? 'टीम यँकी' हा रूल्सचा संच २०१५ साली आला आणि आज कुठेही दोन अनोळखी माणसं भेटली तरी तो त्यांना येतो, हा माझा अनुभव. त्याच प्रकाशकाच्या 'फेट ऑफ अ नेशन'मध्ये अरब-इस्रायल युद्धांसाठी सेंच्युरियन, पॅटन, शर्मन, एएमएक्स-१३ असे सगळे आधीच आहेत. म्हणजे ६५ आणि ७१ चे आपले रणगाडे आकड्यांसकट आणि मॉडेलसकट हाताशी.

दुसरं, फासा चुकला म्हणून अख्खी पाळी हातावर हात ठेवून बसायचं, यात मजा कसली? डोंबिवलीहून लोकलने आलेल्या नव्या मुलाचे रणगाडे सलग तीन पाळ्या जागचे हलले नाहीत, तर तो पुढच्या रविवारी येणार नाही. गट टिकला तरच लढाया होतील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

शिलेदार
नव्या मुलाचा मुद्दा खरा आहे. पण 'टीम यँकी'च्या १५ मिमी मॉडेलचं गणित मांडून बघा. १५ मिमी म्हणजे १:१०० चं प्रमाण, त्यात एक किलोमीटर म्हणजे टेबलावर दहा मीटर. एवढं टेबल कुणाकडेच नाही, मग तोफांचे पल्ले आखडून इंचांवर आणावे लागतात. परिणाम आपण सगळ्यांनी पाहिलाय: रणगाडे साखळीला साखळी लावून उभे, जसं लग्नाच्या हॉलबाहेरचं पार्किंग. ६ मिमीच्या, म्हणजे आणखी छोट्या, मॉडेलला तेच अंतर साधारण साडेतीन मीटर होतं. तेही जास्तच, पण स्क्वाड्रन पसरायला जागा मिळते आणि सुरुंगांतली वाट अरुंद दिसते.

तोफखाना
दोघांशीही असहमत. चिलखत दुसऱ्या नंबरचं कसं?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन सेंच्युरियन आणि पॅटनच्या भोवती एक चक्कर मारा. समोरून बघा, मग बाजूला जा. बाजूचं चिलखत पुढच्याच्या मानाने किती पातळ असतं हे आकड्यांतून कळतं, पण तिथे उभं राहिल्यावर जास्त कळतं. आता पंजाबातली असल उत्तरची लढाई आठवा, सप्टेंबर १९६५. कालवे फोडून शेतात पाणी सोडलेलं, उभ्या उसात दबा धरून बसलेले आपले रणगाडे, आणि चिखलात रुतत, वळत, बगल उघडी टाकत आलेले पॅटन. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस गनने त्यांची शिकार केली. जीपला चिलखत कसलं? पहिला गोळा अचूक हवा आणि लगेच जागा बदलायला हवी. ज्या रूल्सना समोर आणि बगल यातला फरक, गोलंदाजाचं कसब, पहिला गोळा कुणाचा हे नीट कळत नाही, त्यात उसातल्या दब्याला अर्थच उरत नाही.

मी 'फिस्टफुल ऑफ टोज'च घेईन. एक स्टँड (मॉडेल चिकटवलेली पट्टी) म्हणजे एक प्लटून, त्यामुळे लढाई मोठी मांडता येते, आणि रणगाड्यांच्या याद्या एवढ्या भरगच्च की आपल्याकडचं काही शोधत बसावं लागत नाही. हुकूम पोचला का हा प्रश्न मोठाच, पण पोचलेल्या हुकमाचं काय झालं हे शेवटी तोफच ठरवते.

शिलेदार
असल उत्तरवरूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. कागदावर पॅटन सरस होता. नुसत्या तक्त्यावर ती लढाई दहा वेळा खेळलात तर पॅटनवालाच जास्त वेळा जिंकेल. तो हरला पाण्यामुळे, उसामुळे, आणि चिखलात रुतल्यावरही त्याच दिशेने रेटत राहिल्यामुळे. हे रेटत राहणं रूल्समध्ये कुठून येणार? खेळाडूला तर वरून अख्खं टेबल दिसतं, तो दुसऱ्या पाळीलाच वळसा घालेल.

पायदळी
तिघंही रणगाड्यांवर बोलताय. धाग्याच्या मथळ्याखाली पायदळ म्हटलंय ना? जरपालचं ठाणं ३ ग्रेनेडियर्सनी घेतलं आणि राखलं. मेजर होशियार सिंग जखमी असताना खंदकाखंदकांतून फिरत होते. मशीनगनवरची माणसं पडली तेव्हा गन त्यांनी स्वतः चालवली. तुमच्या ६ मिमीच्या टेबलावर ही अख्खी कंपनी म्हणजे तीन-चार पट्ट्या. फासा पडला, पट्टी उचलली, संपलं.

'फोर्स ऑन फोर्स' बघा. सैनिक जितका कसलेला तितका मोठा फासा, सहा बाजूंपासून बारापर्यंत, आणि चार किंवा वर आलं की यश. शिवाय समोरचा तुमच्या पाळीत नुसता बसून राहत नाही, तुमच्या हालचालीला तिथल्या तिथे उत्तर देतो. माणूस खचतो कधी आणि टिकतो कधी, हे त्यात दिसतं.

आणि लोंगेवाला विसरू नका. २३ पंजाबची एक कंपनी, समोर रणगाड्यांची रांग, आणि साध्या काटेरी तारेला सुरुंगक्षेत्र समजून ती रांग रात्री थबकली. तो वेळ पायदळाला मिळाला. ही भीती तुमच्या कुठल्या तक्त्यात आहे?

पंधरामिमी
पायदळी, 'फोर्स ऑन फोर्स'मध्ये एक-दोन रणगाडे छान चालतात. दोन्हीकडे स्क्वाड्रन उतरवली की प्रत्येक हालचालीला प्रत्युत्तर, त्याला पुन्हा प्रत्युत्तर, आणि संध्याकाळपर्यंत दोन पाळ्याही होणार नाहीत. जरपालच्या खंदकांसाठी ठेवा, ब्रिजहेडसाठी, म्हणजे नदीपलीकडे रोवलेल्या ठाण्याच्या लढाईसाठी, नको.

पायदळी
मान्य. मग खंदक वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर, २० मिमीत. पण ते खेळायचेच. नुसते रणगाडे खेळून त्याला बसंतर म्हणू नका.

शिलेदार
त्याला माझी ना नाही. ब्रिजहेड मी 'कोल्ड वॉर कमांडर'वर आणि ६ मिमीतच मांडणार. तोफखाना, तुमच्या आग्रहाखातर उसात किंवा गावात लपलेल्याचा पहिला गोळा बगलेत धरू, पण तक्ता बदलणार नाही.

लोंगेवालाच्या तारेवरून मात्र एक ठरवून टाकलं. सुरुंगक्षेत्र टेबलावर उघडं मांडायचं नाही. त्याचा नकाशा पंचाकडे, आणि इंजिनीअरांचं काम किती झालंय हे भारतीय खेळाडूला पंच चिठ्ठीनेच कळवणार, तेही एक पाळी उशिरा. सेंच्युरियन कधी घालायचे ते त्या शिळ्या चिठ्ठीवरून त्याने ठरवायचं. पंच व्हायला कोण तयार आहे? पायदळी, तुम्ही याल का?