समोरच्या वाऱ्यात जोर नको

कोणीतरी लिहिलंय की गोल्फमध्ये समोरून वारा असेल तर बॉल जोर लावून मारायचा, पण माझ्या मते तिथेच गडबड होते, कारण जोरात मारलं की बॅकस्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, वाढतो आणि बॉल पुढे जायचं सोडून वर चढतो आणि धपकन खाली येतो. मी 7 आयर्नच्या (आयर्न म्हणजे बॉल मारायची लोखंडी डोक्याची काठी) जागी 5 घेतो, ज्याने बॉल कमी उंच आणि लांब जातो, ग्रिप इंचभर खाली धरतो, बॉल स्टान्समध्ये, म्हणजे उभं राहिल्यावर, जरा मागच्या पायाकडे ठेवतो आणि निवांत पाऊण स्विंग, फॉलो थ्रू (बॉल मारल्यानंतर पुढे जाणारा स्विंग) छातीपाशीच थांबवायचा, बॉल मस्त वाऱ्याच्या खालून जातो. आणि हो, पटिंगला, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलतानासुद्धा पाय जरा फाकवून उभे राहा, वाऱ्याने अंग हललं की दोन फुटांचा पटही चुकतो, खरंच सांगतो.