"२३×३६, १८.६ किलो, ११ रीम" म्हणजे नक्की काय?

कोरा_कागद: मंडळाची स्मरणिका छापायचीय, डेमी साईझ (पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), १६० पानं, १००० प्रती, आतलं सगळं एका रंगात. प्रेसवाल्याने कोटेशनमध्ये लिहिलंय "मॅपलिथो २३×३६, १८.६ किलो, ११ रीम" आणि रेट लावलाय किलोवर. मला ए४ चं पाकीट सोडून कागदातलं ओ की ठो कळत नाही. १८.६ किलो कशाचं वजन, तोंडी ७० जीएसएम म्हणाला होता ते कुठे गेलं, आणि ११ रीम आले कुठून? खजिनदार मागे लागलेत हिशोब दाखवा म्हणून.

खिळेजुळारी: मॅपलिथो म्हणजे पुस्तकं छापायचा साधा, बिनचकाकीचा कागद, २३×३६ हे तावाचं माप इंचात आणि १८.६ हे एका रिमाचं वजन. रीम म्हणजे ५०० ताव, ताव म्हणजे न कापलेला मोठा कागद. जुनी माणसं अजून दस्त्यात बोलतात, २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांचा रीम, म्हणजे ४८०, पण मिलचा माल आता ५०० चाच येतो. बाजारात कागद मोजतात तावावर आणि विकतात किलोवर, म्हणून कोटेशनमध्ये जीएसएमऐवजी (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) रिमाचं वजनच टाकतात, २३×३६ ला १८.६ म्हटलं की ७० जीएसएम हे धंद्यातल्या माणसाला पाठच असतं. स्वतः काढायचं तर लांबी गुणिले रुंदी इंचात, गुणिले जीएसएम, भागिले ३१००. तुमचं १८.७ येतं, पॉइंट एकचा फरक सोडून द्या.

ऑफसेट_भाऊ: ११ चं सांगतो. डेमीला २३×३६ च्या एका तावात दोन्ही बाजू धरून ३२ पानं बसतात, १६० ला ५ ताव, १००० प्रतींना ५००० म्हणजे १० रीम झाले. अकरावा वेस्टेजचा. मशीन सेट होईपर्यंत शाई आणि रजिस्टर (छपाई तावावर नेमक्या जागी बसणं) जुळवण्यात ताव जातातच, शिवाय थोडे बायंडिंगला खराब होतात. एका रंगाच्या कामाला १० टक्के मला जरा सैल वाटतंय, पण त्यावरून भांडू नका, उरलेला कागद कोणाचा एवढं आधी ठरवून घ्या.

खिळेजुळारी: आणि माल आला की वजन बघा राव! ७० सांगून ६० जीएसएम टाकला तर रीम १६ किलोचा भरतो, म्हणजे ११ रिमांत जवळपास २९ किलोचे पैसे फुकट. पावसाळ्यात कागद दमट होऊन थोडा जड लागतो, ते वेगळं.

कोरा_कागद: भारी, आता डोक्यात शिरलं. पण प्रेसमध्ये काटाच नसेल तर?

ऑफसेट_भाऊ: मग १० ताव मागून घरच्या किचनच्या काट्यावर गुंडाळी करून ठेवा, ७० जीएसएमला ३७० ते ३७५ ग्रॅम भरले पाहिजेत. तुमच्या ए४ वरही करून बघा, १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे १६ कागदांचं जेवढे ग्रॅम वजन तेवढाच जीएसएम. फक्त जाडी बघून अंदाज करू नका, फुगीर कागद हाताला जाड लागतो आणि वजनाला हलका निघतो.

शाईचे_डाग: कव्हरचं कार्ड यात धरलेलं दिसत नाही. ते रिमात येत नाही, बहुतेक १०० च्या पाकिटात मिळतं, काही जण १४४ च्या ग्रोसवर बोलतात. पाकिटात किती शीट ते विचारल्याशिवाय दोन दुकानांचे रेट लावून बघू नका.