गुण लिहायला बसवणं म्हणजे खेळणं नव्हे

एका ताईंनी सुचवलंय की शाळेत खेळाच्या तासाला दिव्यांग मुलांना सामन्याचे गुण लिहायला बसवावं, तेवढाच सहभाग. मला हे अजिबात पटत नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आमच्याकडची मुलं बसून व्हॉलीबॉल खेळतात: दोरी खाली बांधायची, चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलंच हवं. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणारा मुलगा हातांवर झरझर सरकतो, धडधाकट पोरं तिथेच अडखळतात. मग तो आपल्याच संघात हवा म्हणून भांडणं! नुसतं शेजारी बसवून मनं बदलत नाहीत. बरोबरीचा दर्जा आणि सामाईक ध्येय लागतं, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच मांडलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम १६ मध्येही खेळाची समान संधी आहे. पुढच्या पालकसभेत पीटीच्या सरांना विचाराच, ही संधी आपल्या शाळेत मिळते का.