अनुभव धागा: रोज, रजा, तक्रार... करारातलं आपल्या गावात कामाला आलं का?

मी जळगावची, कामगार बायांसोबत बरीच वर्षं काम करते. बायांवरचा भेदभाव संपवायचा सीडॉ करार भारताने १९९३ ला मान्य केला, त्याच्या कलम ११ मधे नोकरी, मोबदला, बाळंतपणाची पगारी रजा सगळं आलंय. आपल्या मिलमधे, शेतात, दुकानात हे कोणी वापरून पाहिलं का? घडलं तसं लिहा, मालकाचं नाव नको.

डाळ मिलवाली
आमच्या चाळणीवर दोन बाया न दोन माणसं, तूर तीच, धूळ तीच पण रोजात ऐंशी रुपयांचा फरक. हजेरी पुस्तकात त्यांच्यापुढे ऑपरेटर न आमच्यापुढे मदतनीस. मला वाटायचं लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल. मग ताईंनी सांगितलं की पदाचं नाव नाही, काम बघतात, १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून हेच आहे न आता ते २०१९ च्या वेतन संहितेत गेलंय. तक्रार केली तर कामगार खात्याचे साहेब आले, अर्धा तास नुसते चाळणीपाशी उभे, कोण काय करतं ते वहीत लिहीत होते. मालक म्हणे परवडत नाही. पण ताईंकडे १९८७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या लेडी स्टेनोंच्या समान पगाराचा, परवडत नाही हे कारण तिथे चाललं नव्हतं. आता रोज सारखा झालाय, मागचा फरक अजून मिळाला नाही.

शहादा, शेतमजूर
कापूस वेचणी किलोवर, तिथे सगळे सारखे. फवारणीला माणसाचा रोज जास्त, का तर पाठीवर पंप. त्या पंपाचं पाणी विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन आम्ही आणतो, खेपा कोण मोजतं! मुकादमाला विचारलं, "भाऊ, आमना रोज कमी कसाले?" तर म्हणे बायांचं काम हलकं.

धागाकर्ती
शहादा ताई, मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. 'सारख्या मोलाचं काम' हे शब्द सीडॉत आहेत, आयएलओच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १०० नंबरच्या करारातही आहेत, तो तर आपण १९५८ लाच मान्य केलाय. आपल्या कायद्यात मात्र 'तेच किंवा तशाच प्रकारचं काम' एवढंच. मग बाईला कामच वेगळं द्यायचं न रोज वेगळा लावायचा, पळवाट तिथेच आहे.

धुळे, कापड दुकान
आम्ही तिघीच कामाला, गोडाऊनमधे त्रास व्हायचा. छोट्या दुकानात लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती कसली म्हणून गप्प होते. दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं हे फार उशिरा कळलं, मुदत तीन महिन्यांची न मी ८६ व्या दिवशी पोचले. अर्जाच्या सहा प्रती लागतात, झेरॉक्सवाल्या काकांनी अर्ज वाचला न पैसे घेतले नाहीत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, कामावरच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा यायच्या आधी १९९७ ला सुप्रीम कोर्टाचा याच विषयावरचा विशाखा निकाल आला तेव्हा कोर्टाने सीडॉचाच आधार घेतला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण एकट्या नाही.

चाळीसगाव
बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आहे ना? आमच्या ऑफिसात वीसेक जण, तरी सातव्या महिन्यात राजीनामा लिहून घेतला माझ्याकडून. मी सही केली. आता काही होईल का?

धागाकर्ती
चाळीसगाव ताई, राजीनाम्याची कॉपी, पगाराच्या स्लिपा न डॉक्टरांची फाईल घेऊन सोमवारी जळगावला या. बाळाला पण आणा, बसायला जागा आहे.