रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बांधीव चालपट्टी हवी की मोकळी पुळण? (चर्चा; लिहिणाऱ्यांनी नावांऐवजी टोपणनावे घेतली आहेत)

हरिपूर रस्ता:

सांगलीतल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळात यंदाच्या हिवाळ्यात रत्नागिरीला मुक्काम करून समुद्रकाठाने चालायचे ठरत होते. त्या वेळी एका ज्येष्ठ सदस्यांनी असे मत मांडले की, मुंबईच्या मरीन ड्राइव्हला आहे तशी मांडवीपासून मिऱ्यापर्यंत सलग फरसबंद चालपट्टी रत्नागिरीला नाही ही मोठी उणीव आहे आणि घाटावरून जाणाऱ्या आपल्यासारख्या पर्यटकांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. बहुतेकांना ते पटले. मला पटलेले नाही, म्हणून हा विषय येथे मांडतो.

मरीन ड्राइव्हची सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ती समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीच्या कडेला आहे आणि तिथे चालणाऱ्याचा पाय समुद्राला कुठेच लागत नाही. रत्नागिरीचा किनारा अगदी वेगळ्या घडणीचा आहे. मांडवीची काळसर वाळू, मध्येच समुद्रात घुसलेला आणि तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला रत्नदुर्ग, त्याच्या पलीकडे पांढरा समुद्र आणि मिऱ्या, तर दक्षिणेला काजळी नदीच्या मुखापलीकडे सुरूच्या बनाला लागून झरी विनायकापर्यंत गेलेली भाट्याची सुमारे दीड किलोमीटरची पुळण, अशी एका शहराच्या अंगणात चार-पाच वेगवेगळ्या स्वभावांची वाट आहे. यावर एकाच मापाची फरशी घातली तर हा वेगळेपणाच हरवेल. शिवाय मांडवी ते मिऱ्या ही वाट किल्ल्याच्या कड्यांना हात लावल्याशिवाय काठाकाठाने सलग होणारही नाही.

मोकळ्या पुळणीवर चालायचे तर वेळ समुद्राची धरावी लागते, आणि मला त्यातच चालण्याचा खरा अर्थ दिसतो. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा आणि अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. गावागणिक अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण ठोकताळा उपयोगी आहे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे आणि सायंकाळी, नेमक्या फिरायच्या वेळी, पाणी सर्वांत दूर गेलेले असते आणि ओली, घट्ट, पाय न रुतणारी वाळू भरपूर रुंद मिळते. सांगलीहून सुमारे १७५ किलोमीटर जाणाऱ्याने तारीख ठरवताना पंचांग पाहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

विश्रामबाग:

आपले लेखन आवडले, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण ज्या घट्ट, ओल्या वाळूचे वर्णन केले आहे तिथवर पोहोचण्यासाठी आधी कोरड्या, भुसभुशीत वाळूचा उतार ओलांडावा लागतो. माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि ते काठी घेऊन चालतात. भाट्याला सुरूच्या बनापर्यंत ते आनंदाने आले; पुढे वाळूत काठी रुतू लागली तेव्हा तिथेच एका बुंध्यावर बसून राहिले आणि आम्ही सगळे पाण्यापर्यंत जाऊन आलो. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर तेवढेही शक्य नाही. समुद्राची वेळ धरण्यात चालण्याचा अर्थ आहे असे आपण म्हणता. ज्यांना कोणत्याच तिथीला पाण्याजवळ जाता येत नाही, त्यांच्यासाठी आपल्या मांडणीत जागा कुठे आहे?

मरीन ड्राइव्हवर समुद्राला पाय लागत नाही हे खरे आहे. पण त्या कठड्यावर दिवसभर काम करून दमलेला हमाल, महाविद्यालयातील मुली, नातवंडाला घेऊन आलेली आजी असे सगळे रात्री दहा वाजतासुद्धा निर्धास्तपणे बसलेले असतात. दिवे, वर्दळ आणि सपाट जमीन या तीन गोष्टींमुळे ते घडते. अंधार पडल्यावर सुरूच्या बनाकडेने एकटी बाई चालू शकेल का, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. शिवाय चार दिवसांची रजा महिनाभर आधी मंजूर करून घ्यावी लागणाऱ्या नोकरदाराला पंचांग पाहून तारीख ठरवण्याची मुभा नसते.

मिऱ्या ते मिरज:

माझे माहेर मिऱ्याचे आणि सासर मिरजेचे असल्यामुळे दोन्ही बाजूंचे थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजते. या चर्चेत किनारा जणू फिरायला येणाऱ्यांसाठीच आहे, असे दोघांच्याही लिहिण्यातून ध्वनित होते आणि त्याचे मला वाईट वाटले.

मिऱ्याला समुद्र दर पावसाळ्यात जमीन खातो. उधाणाच्या भरतीला वारा मिळाला की लाट माडांच्या मुळाशी येते, वाळू ओढून नेते आणि माड आडवे होतात. माझ्या लहानपणी जिथे आम्ही खेळत असू, तिथे आज पाणी आहे. म्हणून मिऱ्याला दगडांचा आणि टेट्रापॉडचा (लाट फोडणाऱ्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा) धूपप्रतिबंधक बंधारा लागला. तो घरांच्या रक्षणासाठी आहे, त्याला कोणी हौसेची वाट समजू नये. आणि किनारा मोकळा दिसावा या आग्रहापायी तो नको, असेही कोणी घाटावरून सांगू नये.

परंतु जिथे धूप नाही तिथे केवळ चालण्यासाठी भिंत उभी करणे मला घातक वाटते. पुळणीवर लाट चढते, पसरते आणि तिचा जोर वाळूतच जिरतो. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट तोच जोर घेऊन मागे फिरते, भिंतीच्या पायाची वाळू उकरते आणि समोरची पुळण हळूहळू अरुंद होत जाते. मर्यादवेल आणि केवड्याची बने वाळू धरून ठेवतात. फरशीसाठी पहिल्यांदा तीच उपटली जातात. किनाऱ्यावर होड्या ओढायच्या असतात, जाळी पसरायची असतात, रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला माणसांची रांग उभी राहते. कठडा आला की हे सगळे कुठे जायचे?

दिव्यांबद्दलही सांगते. रत्नागिरी तालुक्यातील गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने धावतात, आणि ती दिशा समुद्राची असावी लागते. शहरातल्या मांडवीला दिवे असोत, पण ‘सलग’ आणि ‘पुढे वाढवत नेऊ’ असे शब्द एकदा मान्य केले की ते कुठे थांबतात याचा अनुभव सगळ्या कोकणाला आहे.

गावभाग:

पुळण, कासवे, रापण हे सगळे महत्त्वाचे आहे, परंतु गणपतीपुळ्याला बुडालेल्यांमध्ये आपल्या भागातली माणसे किती वेळा असतात, याकडे कोणी लक्ष देणार आहे की नाही? नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला वाटते की आपल्याला पाणी कळते. मागे ओढणारी लाट आणि पायाखालची सरकणारी वाळू कृष्णेने त्याला शिकवलेली नसते. आरे-वारेच्या घाटातून दोन्ही किनारे एका नजरेत दिसतात, ते दृश्य मलाही अतिशय प्रिय आहे. पण ते पाहून लोक गाड्या लावतात आणि थेट पाण्यात धावतात. चालण्यासाठी आखलेली, कठडा असलेली वाट असेल तर निदान लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे तिच्यावर थांबतील.

आणि बांधकाम म्हणजे निसर्गाचा द्रोह, असे आपण सांगलीकर तरी कसे म्हणू शकतो? कृष्णेचे घाट बांधलेलेच आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, घाट बुडाले, पाणी ओसरल्यावर गाळ काढला आणि लोक पुन्हा पायऱ्यांवर येऊन बसले.

हरिपूर रस्ता:

गावभाग यांनी घाटाचा दाखला दिला तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातच माझे उत्तर आहे. घाट पायऱ्यांचा असतो. पाणी त्यावर चढते, उतरते, आणि माणूसही पाण्यापर्यंत उतरतो. नदीला अडवण्यासाठी तो बांधलेलाच नाही. समुद्राच्या काठी फरसबंद पट्टी मागितली जाते तेव्हा तिच्याबरोबर भराव आणि भिंत येते. दोन्हींना बांधकाम म्हटले तरी पाण्याशी त्यांचे वागणे परस्परविरुद्ध आहे.

सुरक्षिततेबाबत म्हणायचे तर मरीन ड्राइव्हला इतका भक्कम कठडा असूनही पावसाळ्यातील उधाणाच्या दिवशी पोलिसांना लोकांना मागे हटवावे लागते, आणि तिथल्या टेट्रापॉडवर उतरून जीव गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कठडा माणसाला पाण्याच्या जवळ नेतो, पण पाण्याची समज देत नाही. ती समज द्यायची असेल तर प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक, खाडीच्या मुखाशी ओढ कुठे आहे हे दाखवणाऱ्या खुणा आणि हंगामात जीवरक्षक एवढे तरी हवे. मिऱ्याच्या बंधाऱ्याला माझा विरोध नाही. घर वाचवणे आणि फिरायची सोय करणे हे दोन वेगळे हेतू आहेत, हे ताईंनी फार स्पष्टपणे मांडले.

विश्रामबाग यांच्या वडिलांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो बाजूला सारावा असे मला मुळीच वाटत नाही. रत्नदुर्गावर भगवती मंदिराच्या बाजूला गाडी बरीच वर जाते आणि तिथून समुद्र सगळीकडे पसरलेला दिसतो. थिबा राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून काजळीचे मुख, भाट्याचा पूल आणि मागचा समुद्र एकत्र पाहता येतो. पाण्याजवळ जाण्यासाठी भाट्याला आणि मांडवीला लाकडी फळ्यांची, पावसाळ्याआधी काढून ठेवता येईल अशी उताराची वाट सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंत टाकता येईल. तिला भराव लागत नाही आणि ती लाटेला अडवतही नाही. अशा वाटेची मागणी करणाऱ्या अर्जावर मी पहिली सही करीन.

विश्रामबाग:

थिबा पॉइंटचा पर्याय मी स्वीकारत नाही. वडिलांना समुद्र उंचावरून पाहायचा नाही. तो त्यांनी छायाचित्रांत पुष्कळ पाहिला आहे. त्यांना आमच्याबरोबर, आमच्या चालीने नव्हे पण आमच्या शेजारून, काठाकाठाने जायचे आहे. फळ्यांची वाट त्यांना पाण्यापर्यंत नेईल आणि तिथे पुन्हा उभे करील, कारण पुढे पुळणीच्या लांबीने चालायला ती नसेल.

तरीही मिऱ्या ते मिरज यांचे म्हणणे वाचून मी मांडवी ते मिऱ्या सलग पट्टीची बाजू धरणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की मांडवीला, जिथे शहराची वस्ती, रस्ता आणि दिवे आधीच किनाऱ्याला येऊन भिडले आहेत, तिथल्या रस्त्याच्याच कडेला, वाळूवर एक फूटही पुढे न जाता, अर्धा किलोमीटर सपाट, खड्ड्यांविना, मध्ये वाहने न लावलेली पायवाट असावी. १९९१ पासून किनारा नियमनाच्या अधिसूचना लागू होत आल्या आहेत आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यावर त्यांची बंधने आहेत. त्या चौकटीत असलेल्या रस्त्याचाच एक भाग चालणाऱ्यांना देणे बसू शकेल असे मला वाटते. हरिपूर रस्ता यांची त्यालाही हरकत असेल तर ती नेमकी कशाला आहे, हे त्यांनी सांगावे.

मिऱ्या ते मिरज:

माझी त्याला हरकत नाही, मात्र एक अट आहे. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये होड्या वर घेण्याच्या जागा मोकळ्या सोडाव्या लागतील, आणि त्या कुठे हव्यात हे आराखडा तयार होण्याआधी तिथल्या खारवी आणि दालदी समाजांच्या मच्छीमारांना विचारावे लागेल. आपले मंडळ हिवाळ्यात जाणारच आहे, तर एका सकाळी मांडवीला होड्या लागतात त्या वेळी तिथे उभे राहून विचारा.