चर्चा : बाळाचं नाव 'हटके' हवं, पण त्याला काही धरबंध?

अजिंक्यतारा_पायथा
सरळ मांडतो. विचित्र नावांना कुठंतरी लगाम हवा. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचं पालकत्व कुटुंब न्यायालयानं काही काळ स्वतःकडं घेतलं. का, तर तिचं नाव बदलता यावं म्हणून. नाव होतं 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई'. आपल्याकडं जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. कोणती नावं चालतील आणि कोणती नाही, अशी यादी त्यात नाही. लिहून द्याल ते दाखल्यावर येतं. २०२० मध्ये 'कोरोना' नि 'लॉकडाऊन' अशी नावं ठेवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, हसलो, विसरलो. ती पोरं आता शाळेत हजेरी देत असतील. नोंद करणाऱ्या ग्रामसेवकाला "हे नाव घेत नाही, दुसरं आणा" म्हणायचा अधिकार द्या, एवढंच म्हणणं आहे.

माणदेशी_घोंगडी
आन् मग साहेबानं केरबा, धोंडिबा, दगडू, भिकू, कचरू, नथू ही सगळी पयल्याच दिवशी खोडली असती की! त्या नावांमागं हिशोब हुता. पाठोपाठची पोरं दगावायची. मग नवं पोर सुपात घालून केरावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं आन् आईनं ते तिच्याकडनं मागून घ्यायचं. कागदाला केरबा. पोराचं नाक टोचून नथ घातली की नथू, म्हंजी बघणाऱ्याला पोरगी वाटावी. दगडू का? दगुड मरत न्हाय म्हणून. ज्याला कुणी इचारत न्हाय त्याला दृष्ट लागत न्हाय, एवढं साधं गणित. नाव घाण, पर माया काठोकाठ.

कृष्णाकाठची_वांगी
केरबाचं मान्य. पण 'नकुसा' त्याच टोपलीत टाकू नका. केरबा हवा होता म्हणून त्याला घाण नाव दिलं. नकुसा मात्र खरंच नको होती. दोन-तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली की "आता पुरे" असं देवाला कळवायला तिच्या नावाचा कागद केला. आपल्याच सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ ला २८५ मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. काहींनी नट्यांची घेतली, काहींनी देवींची, काहींना नुसतं चांगल्या अर्थाचं नाव हवं होतं. म्हणजे सरकारनं नावात हात घातला आणि योग्यच केलं. लगाम नको म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

शिक्का_मोर्तब
उत्तर देतो. तिथं कुणी नोंद नाकारली नव्हती, मुलींना विचारून नाव बदललं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्रामसेवकाच्या (आता हुद्द्याचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी') आवडीवर पोरांची नावं ठरू लागली तर बारसं पंचायतीच्या ओट्यावर करावं लागेल.

आणि खरी रड अर्थाची नाहीच, घाईची आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत कळवायची असते. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे हातात नऊ दिवस उरतात. पण डिस्चार्जच्या वेळी दवाखान्यातली बाई फॉर्म पुढं करते नि "नाव सांगा" म्हणते, आणि लोक गडबडीत काहीतरी सांगून मोकळे होतात. सांगायचं नाही! नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही. त्यापुढं विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं.

एकदा नाव पडलं की मात्र त्याच १९६९ च्या कायद्याचं कलम १५ आडवं येतं. निबंधक नोंदीतली चूक दुरुस्त करू शकतो, तीही मूळ नोंद न खोडता समासात शेरा मारून. 'आवडलं नाही' ही चूक होत नाही. मग राजपत्रात नाव बदलायचं, त्यावर आधार, रेशनकार्ड, शाळेचं जनरल रजिस्टर असं एकेक दार ठोठवायचं. शाळेतलं काम पोरगं शाळेत आहे तोवर उरका. दाखला काढून बाहेर पडलं की रजिस्टरला हात लावणं फार अवघड. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. बारशाआधी घाईनं बाल आधार काढून 'बेबी ऑफ अमुक' छापून घेतलं, तर त्यातली एक संधी तिथंच गेली.

अजिंक्यतारा_पायथा
कोऱ्या रकान्याचं माहीत नव्हतं. पण मग १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांचं काय? शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, सगळीकडं जन्मतारखेला जन्मदाखलाच लागणार. दाखल्यावर एकदा 'लॉकडाऊन' छापलं की ते म्हातारपणापर्यंत. माझा मुद्दा उलट बळकट झाला.

गलाई_विटा
अर्थावर काय भांडताय, स्पेलिंगवर भांडा. खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. पोरं तिकडं जन्मतात, दाखले तिकडचे. तमिळनाडू-केरळात 'त' लिहायला टी-एच वापरतात. साधी 'स्वाती' तिथं एस-डब्ल्यू-ए-टी-एच-आय होते. दाखला घेऊन विट्याच्या शाळेत आलं की कॉम्प्युटर तिचं मराठीत 'स्वाथी' करतो. नाव अगदी घरगुती, तरी कागदावर विचित्र. उत्तरेत जन्म झाला तर 'ज्ञ' जी-वाय होतो, आपण डी-एन-वाय लिहितो. ऋतुजाचा 'ऋ' आपल्याकडं आर-यू, तिकडं आर-आय. आणि 'ळ' असलेलं नाव हिंदी फॉर्मवर गेलं की 'ल' होऊनच परत येतं. तेव्हा तिकडच्या फॉर्मवर इंग्रजी स्पेलिंग आपल्या हातानं लिहायचं, तोंडी सांगायचं नाही. दाखल्याची प्रत हातात आली की खिडकी सोडायच्या आधी अक्षर अक्षर वाचायचं.

व्याकरण_मिसळ
स्पेलिंग सुधारता येतं हो, पण मुळात शब्दच नसेल तर? सध्या पाळण्याला 'अंश' जोडायची साथ आली आहे. 'रेयांश' म्हणे सूर्यकिरणाचा अंश. 'रे' म्हणजे किरण हे इंग्रजीत! शेपूट तेवढं संस्कृत. 'कियांश' तर त्याहून भारी. संस्कृतात 'कियत्' म्हणजे 'केवढं'. त्याला अंश जोडला तर संधीनं 'कियदंश' होतं, अर्थ 'केवढा हिस्सा?' हे नाव आहे की वाटणीच्या दाव्यातला प्रश्न? नावांच्या वेबसाइटवर प्रत्येक नावाचा अर्थ 'श्रीविष्णू' नाहीतर 'तेजस्वी' असतो. तिथं न थांबता शब्दकोश उघडा. शब्द सापडला नाही तर त्याचे दोन तुकडे करून पाहा. तेही नाही सापडले तर नाव यंत्रानं पाडलंय असं समजा. 'ओवी', 'इरा', 'अन्वित' ही दोन-तीन अक्षरी नावं कोशात आहेत, कानाला गोड आहेत. त्यांना काय धाड भरली?

हळदीचं_पोतं
अर्थाचं एवढं कौतुक कशाला? नाव हाक मारायला असतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेव्हा कुणी कोश उघडला होता? तमिळनाडूत एका बापानं मार्च १९५३ मध्ये पोराचं नाव 'स्टॅलिन' ठेवलं. तो पुढं मुख्यमंत्री झाला. रेयांशही होईल काहीतरी.

व्याकरण_मिसळ
खाशाबात अर्थ आहेच. 'खासा' म्हणजे खुद्द, अस्सल. पुढं 'बा' लागला. आणि स्टॅलिन म्हणजे 'पोलादी', तेही नुसता आवाज नाही. तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच पारड्यात पडली.

हळदीचं_पोतं
पडू देत. हाका मारणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं?

शिक्का_मोर्तब
लांबीचं कुणीच बोलेना. आपल्या भागात सिंह, राव, राजे एकापुढं एक जोडायची हौस. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. समजा बाळ 'विश्वप्रतापसिंहराजे', आई 'भाग्यलक्ष्मी', वडील 'चंद्रशेखरराव', वर आडनाव. बँकेच्या कार्डाच्या पट्टीत नावाला २६ अक्षरांची जागा असते. इथं नुसतं बाळाचंच इंग्रजीत वीस अक्षरं होतं. मग कुठं 'विश्वप्रताप', कुठं नुसतं 'व्ही', आणि हे सगळं एकाच माणसाचं आहे हे सांगायला पुढं प्रतिज्ञापत्र. सिंह हवाच असेल तर राजे सोडा.

माणदेशी_घोंगडी
दोन्ही सोडा, बिरू ठेवा. आरेवाडीच्या देवाचं नाव, दोन अक्षरं, स्पेलिंगचा घोळ न्हाय.

पाळण्याची_दोरी
चरणाक्षराचं, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचं राहिलं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, अशी १०८ अक्षरं. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतं. सांगलीकडं जैन घरात 'णमोकार' तरी सुचेल, बाकीच्यांनी काय करायचं? अशा अक्षरापायीच आत्याला पाळण्यापाशी काहीतरी अचाट सुचतं आणि पाठीत धपाटे मात्र खरे बसतात.

व्याकरण_मिसळ
यावर जुनी तोड आहे. ङ, ञ, ण या अक्षरांनी नाव सुरू होत नाही, म्हणून त्यांच्याऐवजी अनुक्रमे ग, ज, ड धरतात. 'ड' वरही चांगलं सापडत नसेल तर ते जन्मनाव म्हणून पत्रिकेत ठेवा आणि व्यवहाराला दुसरं घ्या. दाखल्यावर पत्रिकेतलंच नाव हवं असं कुठंही नाही.

पाळण्याची_दोरी
म्हणजे आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' आलं तर 'ग'?

कृष्णाकाठची_वांगी
'ग' आलं तर सांगलीत कोशाची गरज नाही. गणपती घ्या नि घुगऱ्या वाटा.