नव्या हेडलॅम्पचं कडक बटण : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता

डोक्याला बांधायचा हेडलॅम्प घेताना आपण ल्युमेन, म्हणजे उजेड किती, ते बघतो, सेल किती तास चालतील ते बघतो, वजन बघतो. बटण दाबायला किती जोर लागतो हे खोक्यावर कधीच छापलेलं नसतं. ते कळतं लॅम्प डोक्यावर चढल्यावर, आणि बहुतेक वेळा अंधारातच.

माझ्या नव्या लॅम्पचं बटण भलतंच कडक आहे. कपाळावर असताना दाबायला गेलं की बटण आत जायच्या आधी अख्खा लॅम्पच सरकतो. एकदा दाबलं की प्रखर, लगेच पुन्हा दाबलं की मंद, दाबून धरलं की लाल, असा त्याचा हिशेब आहे. पण दुसरा दाब पुरता बसत नाही आणि मंद उजेड हवा असताना लाल लागतो नाहीतर लॅम्प बंदच होतो. खाली-वर करायची बिजागरीही तशीच घट्ट, एका हाताने हलत नाही.

सध्या मला चिमटीत धरून दाबणं सगळ्यात उपयोगी पडतंय. अंगठा लॅम्पच्या खालच्या कडेला टेकवायचा आणि तर्जनीने वरचं बटण दाबायचं. जोर दोन बोटांतच जिरतो, कपाळावर येत नाही आणि पट्टाही जागचा हलत नाही. अंगठ्याला खालून आधार मिळाला की तेच बटण निम्म्या त्रासात दबतं.

तुमचं बटण वापरून सैल झालं का, की तसंच राहिलं? हातमोजे, थंडी, चिखल, दुखरी बोटं, सगळ्यांचे अनुभव हवे आहेत. सेलची झाकणं आणि चार्जिंगच्या खाचेवरच्या रबरी बुचांबद्दलही लिहा, तीही याच दुखण्यातली.

दुरुस्ती करणारा

माझ्या टेबलावर असे लॅम्प येत असतात, म्हणून आत काय असतं ते आधी सांगतो. वरून दिसते ती रबरी टोपी. तिच्या आतल्या बाजूला एक छोटा दांडा असतो आणि त्याच्याखाली सर्किटवर बसवलेला चिमुकला खटका, बऱ्याचदा ६ मिमी बाय ६ मिमीचा. खटक्यात धातूची घुमटासारखी पातळ चकती असते. दाब पुरेसा झाला की ती एकदम आत दबते आणि बोटाला 'टक्' जाणवतं. हे खटके वेगवेगळ्या जोराचे मिळतात. १६० ग्रॅम आणि २६० ग्रॅम हे त्यातले नेहमीचे. म्हणजे खटका एकटा अजिबात कडक नसतो. कडकपणा येतो तो वरच्या रबराच्या जाडीमुळे, आणि ते रबर जाड असतं पाणी आत जाऊ नये आणि बॅगेत लॅम्प आपोआप पेटू नये म्हणून.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे टोपीच्या बरोबर मधोमध दाबा. कडेला दाबलं तर रबर नुसतं मुडपतं, दांडा तिरका जातो आणि सगळा जोर वाया. दुसरी गोष्ट, दोनदा दाबायचं असेल तेव्हा मध्ये बोट पूर्ण उचला. जाड रबर परत वर यायला क्षणभर वेळ घेतं. बोट टेकलेलंच राहिलं तर खटका सुटतच नाही आणि सर्किटला दोन दाबांऐवजी एकच लांब दाब दिसतो. धागाकर्ते, तुमचा मंदऐवजी लाल लागतो तो बहुतेक यामुळेच. सावकाश पण पूर्ण दाबा आणि पूर्ण सोडा. घाईने दाबलेल्या दोन अर्धवट दाबांपेक्षा ते नक्की बसतं.

वापरून सैल होतं का? रबर थोडं होतं. खटका मुद्दाम सैल करायला जाऊ नका. तो फार वेळा दाबला जाईल या बेतानेच बनवलेला असतो आणि लवकर बदलत नाही.

रात्री धावणारी

मी कडक बटणाच्या बाजूने लिहिते आहे. आधीच्या लॅम्पचं बटण इतकं हलकं होतं की बॅगेत पाण्याच्या बाटलीचा धक्का लागला तरी पेटायचा. आत उजेड आहे हे बाहेरून कळत नाही, आणि हवा तेव्हा सेल संपलेले. आताच्याचं बटण कडक आहे, शिवाय काही सेकंद दाबून धरलं की कुलूप लागतं. कुलपात असताना बटण दाबलं तर एक छोटा दिवा लुकलुकतो एवढंच.

धावताना मी बटणाला हातच लावत नाही. निघण्यापूर्वी उभं राहून प्रखरता ठरवते, कोन ठरवते आणि मगच सुटते. पळता पळता कडक बटणाशी झटायला गेलं की मान वळते, पायाखालचं सुटतं. तसं करू नये असं मी मनापासून सांगेन.

आकाश पाहणारा

आमच्या छंदात कडक बटण फार छळतं. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मेहनत घालवतो. म्हणून आम्ही लाल दिवा वापरतो. एकच बटण असलेल्या बऱ्याच लॅम्पमध्ये लालपर्यंत जायला आधी पांढऱ्यातून जावं लागतं. त्यात बटण कडक असेल तर दाब चुकतो, पुन्हा पांढरा लागतो, आणि शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेलाही वैतागतो.

मी लॅम्प डोक्यावरून काढतो, काच तळहातावर पालथी धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोड बदलतो आणि बोटांच्या फटीतून लाल दिसला की मगच उलटा करतो. लाल दिव्याला स्वतंत्र बटण असलेला लॅम्प मिळाला तर तोच घ्या. काही लॅम्प शेवटचा मोड लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी थेट लालवरच सुरू होतात. ही सोय आहे का, हे माहितीपत्रकात नक्की बघा.

दुखऱ्या अंगठ्याची

मला अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. चिमटीचा उपाय वाचला, पण नेमकी चिमूटच मला जमत नाही. त्याच सांध्यावर सगळा भार येतो. म्हणून माझी पद्धत लिहिते, कुणाच्या तरी कामाला येईल.

लॅम्प डोक्यावर चढवण्याआधीच टेबलावर ठेवून चालू करते. तर्जनी वाकवायची आणि तिच्या मधल्या पेराचं हाड बटणावर ठेवून वरून हाताचा भार द्यायचा. बोटांची ताकद लागत नाही, दंडाचं वजन काम करतं. डोक्यावर असताना दाबायची वेळ आली तर डाव्या तळहाताने लॅम्प मागून-खालून धरते आणि उजव्या पेराने दाबते. पट्टा किंचित सैल ठेवला की तळहात आत जातो.

हात हलवला की चालू-बंद होणारा सेन्सरवाला लॅम्पही वापरून पाहिला. बटणाची कटकट गेली, पण केस मागे सारले, चष्मा नीट केला की दिवा जायचा. वाचताना ठीक, जिना उतरताना नाही. शेवटी मोठ्या फिरत्या चकतीचा लॅम्प घेतला. चकती फिरवायला तळहाताची कड पुरते. ज्यांची बोटं दुखतात त्यांनी दाबायच्या बटणापेक्षा फिरवायची चकती आधी बघावी.

बर्फातला वाटसरू

दुकानात ठीक वाटलेलं बटण थंडीत वेगळंच होतं. सगळी रबरं सारखी नसतात. सिलिकॉन कडाक्याच्या थंडीतही बऱ्यापैकी मऊ राहतं, पण काही रबरं आणि मऊ प्लॅस्टिकं लाकडासारखी ताठ होतात. जाड हातमोजा घातला की 'टक्' बोटापर्यंत पोचत नाही, त्यामुळे दाब बसला की नाही ते उजेड बघूनच ठरवावं लागतं. जाड मोज्याच्या आत पातळ मोजा घालावा, आणि बटणासाठी वरचा काढावा. उघडं बोट लावू नये.

लॅम्प रात्रभर झोपायच्या पिशवीत घेतला तर पहाटे रबर मऊ असतं आणि सेलही जिवंत असतात. अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात; एकदाच वापरायचे लिथियम सेल त्या मानाने खूप टिकतात.

गुहेत उतरणारा

आमच्याकडे मूळ दुखणं चिखल. नवा लॅम्प पहिल्याच फेरीत कडक झाला तर बहुधा तो मुळात कडक नसतोच, फिरवायच्या चकतीच्या कडेला बारीक वाळू बसलेली असते. जोर करून फिरवलं की तीच वाळू प्लॅस्टिक आणि ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं गोल रबरी कडं, दोन्ही कापते. आधी स्वच्छ पाण्यात हलवून धुवायचा, मग फिरवायचा.

पण धुण्याआधी त्याचा आयपीएक्स, म्हणजे पाणी सोसण्याचा, दर्जा वाचा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसतो. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स ४ वाला लॅम्प बादलीत बुडवू नका. ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने पुसा.

पूर्वी गुहांमध्ये कार्बाइडचे दिवे असत. वरच्या भांड्यातून पाणी थेंबथेंब खालच्या कार्बाइडवर पडायचं आणि त्यातून निघालेला ॲसिटिलीन जळायचा. थेंब कमी-जास्त करायची छोटी तरफ चिखलाने अडली की ज्योत कमी-जास्त करणं हातात राहायचं नाही. तेव्हापासूनचा रिवाज आजही पाळतो: प्रत्येकाकडे उजेडाची तीन वेगवेगळी साधनं. कडक बटण अंधारात अडलं तर त्याच्याशी झगडत बसायचं नाही. दुसरा लॅम्प लावायचा आणि त्याच्या उजेडात पहिला बघायचा.

नवीन सभासद

बटणाच्या कडेने गंज सोडवायचा फवारा मारला तर? घरात डबा आहे. बिजागरीलाही थोडं मशीनचं तेल द्यावं असं वाटतंय.

दुरुस्ती करणारा

कृपया नको. अशा फवाऱ्यांमध्ये द्रावक असतात. बऱ्याच लॅम्पची काच खरी काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं, आणि ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला द्रावक लागला की बारीक तडे जातात. खनिज तेलाने काही रबरं, उदाहरणार्थ ईपीडीएम, फुगतात. फुगलेली टोपी आणखी कडक दबते आणि पाणीही अडवत नाही.

धातूच्या लॅम्पमध्ये सेलचं झाकण आट्यांवर फिरतं आणि नवीन असताना कुरकुरतं. तिथे आटे कोरड्या फडक्याने पुसा आणि ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. ओ-रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस तिला फुगवू शकतं, म्हणून उत्पादकाने सांगितलेलंच ग्रीस वापरा. प्लॅस्टिकच्या बिजागरीला काहीही लावू नका. तिची पकड घर्षणावर किंवा दात्यांवर असते. तेल गेलं की लॅम्प चालताना खाली मान टाकतो.

आणि डासांचं मलम लावलेली बोटं लॅम्पला लावण्याआधी पुसा. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिक विरघळवतं, बटणाभोवतीची कड चिकट होते.

आईसाठी लॅम्प घेतलेली

आमच्या आईचं वय ७८. रात्री दिवे गेले की लागतो म्हणून हलकासा लॅम्प आणला. त्याचं बटण तिला दाबता येईना, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे बटण कुठे आहे तेच हाताला कळेना, कारण बटण आणि लॅम्पचं अंग दोन्ही गुळगुळीत. मी बटणाच्या अगदी मध्यावर खरखरीत चिकटपट्टीचा छोटा गोल लावला. बोट आपोआप मध्यावर जातं आणि वर म्हटल्याप्रमाणे मध्यावर जोर कमी लागतो. मोड शिकवलेच नाहीत. "आई, एकदा दाबायचं, दिवा लागतो. दाबून धरायचं, जातो," एवढंच. आता ती स्वतः लावते, हाका मारत नाही.

मोटारी दुरुस्त करणारा

बिजागरीबद्दल. नवीन असताना घट्ट असते, रोज खाली-वर केली की बसते. पण एका हाताने लॅम्पच्या टोकाला धरून ओढू नका. एका हाताने मागची पाठ धरा, दुसऱ्याने अंग फिरवा, आणि एकेक दाता मोजत जा. प्लॅस्टिकची खीळ तुटते ती तिरक्या ओढीने. तुटली की लॅम्प चालू असूनही कामाचा राहत नाही.

रात्रीच्या पाळीतली

तीन ट्रिपल-ए सेलच्या लॅम्पचं झाकण नखाने उघडायला गेलं की नखच तुटतं. खाचेत नाण्याची कड घालून हलकेच वळवावी, चाकूचं टोक नको, ते निसटून तळहातात जातं. झाकण लागतच नसेल तर सेल बघा. काही रिचार्जेबल सेल आवरणामुळे किंचित जाड असतात आणि नव्या कप्प्यात दाटीने बसतात. माझ्या लॅम्पमध्ये तेच होतं, दुसरे सेल घातल्यावर झाकण बोटाने लागलं.

चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी बूच मात्र नखानेच उचलते, पण त्याला लॅम्पशी जोडणारी रबरी जीभ ताणत नाही. बूच बसवताना आधी बिजागराची बाजू, मग दुसरी, आणि शेवटी अंगठ्याने कडेकडेने दाबून घ्यायचं.

परत केलेला

कडक आणि बिघडलेलं यातला फरक कसा ओळखायचा? माझ्या लॅम्पचं बटण कधी सहज दबायचं, कधी अजिबात नाही, आणि दोनदा आतच अडकून राहिलं. 'टक्' तर कधीच जाणवलं नाही.

दुरुस्ती करणारा

हाच फरक. कडक बटण प्रत्येक वेळी सारखंच कडक असतं आणि शेवटी 'टक्' होतं. एकदा हलकं, एकदा घट्ट, आत अडकणारं, एका बाजूला कललेलं किंवा आवाज न करणारं बटण म्हणजे टोपी वाकडी बसली आहे किंवा खटका सरकला आहे. असा लॅम्प वॉरंटीत असताना उघडू नका; सील सुटलं की पाणी अडवायची हमी जाते. बदलून मागा.

परत केलेला

तसंच केलं. बदलून आलेल्याचं बटणही कडकच आहे, पण दर वेळी सारखं, आणि 'टक्' स्पष्ट लागतं. डोळे मिटून आणि ओल्या हाताने दाबून बघितलं, चुकत नाही. हाच ठेवतोय.